पॉइंट, प्लग आणि टायमिंग : जुन्या गाडीच्या घरगुती ट्यूनिंगमागचा इतिहास

पद्मिनी, ॲम्बेसेडर किंवा त्या काळातली कुठलीही पेट्रोल गाडी घरी ट्यून करायची म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे प्लग काढून साफ करायचे, पॉइंटची, म्हणजे ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या छोट्या स्विचची, गॅप बसवायची, प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप, त्यातला फिरणारा रोटर आणि वायरी पुसून तपासायच्या आणि शेवटी टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची नेमकी वेळ, जुळवायचं. पाना, स्क्रू ड्रायव्हर, फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), पॉलिश पेपर आणि एक बारा व्होल्टचा बल्ब एवढं सामान पुरतं. मुंबईत कित्येक घरांत हे काम रविवारी सकाळी बिल्डिंगच्या आवारात व्हायचं. यंत्राचा इतका नाजूक भाग मालकाच्या हातात कसा राहिला आणि जगाने सोडून दिल्यावरही मुंबईत तो इतकी वर्षं का टिकला, हे समजून घेतलं की बॉनेट उघडल्यावर काय करायचं तेही नीट कळतं.

इंजिनात ठिणगी पाडायची कशी, हा मोटारीच्या जन्मापासूनचा प्रश्न. १८६० साली लेनवार यांनी गॅस इंजिनात विजेची ठिणगी वापरली होती. १८८६ मध्ये पेटंट मिळालेल्या कार्ल बेंझ यांच्या तीनचाकीतही बॅटरी आणि कॉइल होती. पण त्या काळच्या बॅटऱ्यांचा भरवसा नव्हता. म्हणून पुढे मॅग्नेटो आला, म्हणजे चुंबक फिरवून स्वतःच वीज तयार करणारं यंत्र. बॉश कंपनीतले गोटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली जास्त दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जुळणारा स्पार्क प्लग बनवला आणि हा प्रकार जगभर पसरला.

आपल्या गाड्यांत जी मांडणी आहे ती मात्र अमेरिकेतली. डेटन शहरात चार्ल्स केटरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेल्को नावाची कंपनी काढली आणि १९१० च्या कॅडिलॅकसाठी बॅटरीवर चालणारी इग्निशन दिली. तिच्यातूनच बॅटरी, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर आणि डिस्ट्रिब्युटर ही साखळी रूढ झाली. तत्त्व साधं आहे. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या जाड तारेतून करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की करंट तुटतो, ते क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब उठतो. रोटर तो दाब ज्याची पाळी असेल त्या सिलिंडरच्या प्लगकडे पाठवतो. करंट तुटताना पॉइंटमध्येच ठिणगी उडू नये, म्हणून शेजारी कंडेन्सर. त्याची नीट काळजी कोणी घेत नाही, पण तो बिघडला की पॉइंट काळे-निळे पडतात आणि गाडी रस्त्यात उभी राहते.

घरगुती ट्यूनिंगची गरज या मांडणीच्या पोटातच आहे. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात आणि मिटतात. प्रत्येक वेळी टंगस्टनचा थोडासा कण एका तोंडावरून निघून दुसऱ्यावर बसतो. एकीकडे खड्डा पडतो, दुसरीकडे टेंगूळ येतं. शिवाय कॅमवर, म्हणजे पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्यांवर, घासणारा पॉइंटचा पाय झिजतो. पाय झिजला की गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी मागे पडते. पिकअप जातो, इंजिन तापतं, पेट्रोल जास्त लागतं. ही झीज काही हजार किलोमीटरमध्ये होणारच हे बनवणाऱ्यांना माहीत होतं. म्हणून गॅप हलवायचा स्क्रू दिला, डिस्ट्रिब्युटर फिरवायला सैल होणारा क्लॅम्प दिला आणि गाडीबरोबरच्या पुस्तिकेत आकडे छापले. मालकाने हे करावं अशीच अपेक्षा होती.

मुंबईत पहिल्या मोटारी १८९८ च्या सुमारास आल्या, टॅक्सी १९११ साली. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. तिथल्या आणि फोर्डच्या जोडणीतून शहरात गाडीचं काम जाणणारे हात तयार होत गेले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण ठरवलं की नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना इथे जागा नाही, माल इथेच बनला पाहिजे. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीचं दार लावलं. कुर्ल्याहून फियाट ११०० बाहेर पडत राहिली. १९६४ मध्ये तिचं डिलाइट मॉडेल आलं, १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली.

सुटे भागही देशात बनू लागले. बंगळुरूला १९५१ मध्ये मायको सुरू झाली आणि तिचे प्लग घराघरांत पोचले. मद्रासला १९६१ मध्ये लुकास-टीव्हीएस आली, कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर तिथून येऊ लागले.

मला महत्त्वाचं वाटतं ते यानंतरचं. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत नव्या गाड्यांतून पॉइंट जवळजवळ गेले, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आली. आपल्याकडे परवाना पद्धतीमुळे स्पर्धा नव्हती आणि गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे, त्यामुळे इंजिन बदलायची कंपनीला घाई नव्हती. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन मुळात १९३० च्या दशकातल्या फियाट इंजिनावरून आलेलं, आणि ती गाडी २००० च्या उंबरठ्यापर्यंत बनत राहिली. वडिलांनी फियाटवर शिकलेलं काम मुलाला पद्मिनीवर जसंच्या तसं उपयोगी पडलं. टॅक्सीवाल्यांचीही तीच गाडी, म्हणून पॉइंट-कंडेन्सर ऑपेरा हाऊसच्या दुकानांत नवे आणि कुर्ल्याच्या बाजारात जुने मिळत राहिले. एकच यंत्र इतकी वर्षं, इतक्या हातांत राहिलं म्हणून हे ज्ञान गॅरेजबाहेर पडून घरांत मुरलं.

मुंबईच्या हवेने या कामात स्वतःची भर घातली. कोकण किनाऱ्याचा दमटपणा आणि त्यावर चार महिने पाऊस. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये ओल धरली की दाब सरळ प्लगकडे न जाता कॅपच्या आतून वाट काढतो आणि गाडी मिसिंग करते, म्हणजे मधूनमधून ठिणगी चुकते. अशी कॅप उजेडात धरून पाहिली तर आतल्या दोन टोकांमध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसते. कॅप कितीही पुसली तरी ती रेघ जात नाही, कॅप बदलावीच लागते. म्हणून जाणते लोक पावसाळ्याआधी ट्यूनिंग उरकत. दुसरा त्रास ट्रॅफिकचा. प्लगच्या टोकावरची काजळी आपोआप जळायला साधारण साडेचारशे-पाचशे अंश तापमान लागतं, आणि सायनहून दादरपर्यंत रांगत गेलेल्या गाडीचा प्लग तेवढा तापत नाही. चांगला प्लग फिकट तपकिरी दिसतो. काळा कोरडा असेल तर हवेच्या मिश्रणात पेट्रोल जास्त, तेलकट असेल तर इंजिनच तपासायचं.

टायमिंग जुळवायची बल्बची पद्धत याच काळातली. फ्लायव्हील किंवा पुलीवरची खूण हॅन्डलने इंजिन फिरवून हळूहळू जागेवर आणायची, पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर, म्हणजे पिस्टन मिश्रण दाबत वर आलेला, असल्याची खात्री करायची. बल्बची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या बारीक वायरीच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. किल्ली चालू करून क्लॅम्प सैल करायचा आणि डिस्ट्रिब्युटर आधी रोटरच्या फिरण्याच्या दिशेने, मग अगदी सावकाश उलटा फिरवायचा. बल्ब पेटला, त्याच क्षणी पॉइंट उघडले. तिथेच आवळायचं. फक्त गॅप आधी बसवलेली हवी, कारण गॅप हलली की टायमिंग हलतंच. गाडीनुसार ती साधारण ०.३५ ते ०.५ मिलिमीटर असते, नेमका आकडा पुस्तिकेतला घ्यावा.

मग पेट्रोल आणि नियम बदलले. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि लोकांची अपेक्षाच बदलली. १९९० च्या दशकात पीयूसी सक्तीची झाल्यावर ट्यूनिंगचा संबंध पिकअपपुरता न राहता धुराच्या आकड्याशी जोडला गेला. मिसिंग करणारी गाडी न जळलेलं पेट्रोल बाहेर टाकते आणि चाचणीत अडकते. १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत शिसंविरहित पेट्रोल येऊ लागलं, २००० पर्यंत देशभर झालं. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. गॅस पेटवायला दाब जास्त लागतो, त्यामुळे थकलेली कॉइल किंवा जुनी वायर पेट्रोलवर चालून गेली तरी गॅसवर लगेच उघडी पडते. म्हणून प्लगची गॅप थोडी कमी आणि टायमिंग थोडं पुढे ठेवण्याची रीत पडली. नव्या गाड्यांत इंजेक्शन आणि संगणक आला, तिथे घरी हलवायला काही उरलं नाही. शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमधली, वीस वर्षांची मर्यादा संपून ती २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

टॅक्सी गेल्याचा फटका खासगी गाड्या जपणाऱ्यांना बसतो आहे. मोठं गिऱ्हाईक संपलं की भागांचा दर्जा घसरतो. पॉइंट घेताना दुकानातच मिटवून बघावेत, दोन्ही तोंडं सपाट आणि समोरासमोर बसली पाहिजेत. जुना, चांगला चालणारा कंडेन्सर नुसता सवयीने बदलू नये, नवा त्याच्यापेक्षा वाईट निघू शकतो. पॉइंटच्या जागी बसणारी इलेक्ट्रॉनिक किट मिळतात आणि रोज गाडी काढणाऱ्याने ती जरूर बसवावीत असं माझं स्पष्ट मत आहे, पण कॉइल त्या किटला चालणारी आहे ना, हे आधी पाहावं. आणि काढलेली पॉइंटची प्लेट कंडेन्सरसकट डिकीत ठेवावी. किट बंद पडलं तर रस्त्यात त्याचं काहीच करता येत नाही, पॉइंट अर्ध्या तासात परत बसतात.