शुभवर्तमानातले चमत्कार आणि त्यातून मिळणारा धीर

शुभवर्तमानं म्हणजे बायबलमधली येशूचं जीवन सांगणारी चार पुस्तकं, मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांची. त्यातले चमत्कार वाचून धीर घेणं ही ख्रिस्ती लोकांची फार जुनी रीत आहे. आजारपण, घरातला मृत्यू, किंवा कितीही प्रार्थना केली तरी काहीच हलत नाही असे दिवस, अशा वेळी त्यांच्यातला एखादा प्रसंग काढायचा, सावकाश वाचायचा, त्यावर मनन करायचं आणि त्यातूनच प्रार्थनेला शब्द शोधायचे. हे कोणी एकटं करतं, कोणी कुटुंबात, कोणी आजाऱ्याच्या उशाशी बसून.

सविस्तर सांगितलेले चमत्कार मोजले तर साधारण 35 च्या आसपास भरतात, मोजणाऱ्यागणिक आकडा थोडा बदलतो कारण काही ठिकाणी एकच घटना दोघांनी सांगितलीय की घटनाच दोन आहेत हे नक्की ठरत नाही. बहुतेक रोग बरे केल्याचे आहेत, काही भुतं काढल्याचे, तीन मेलेल्यांना उठवल्याचे (याईराची मुलगी, नाईनच्या विधवेचा मुलगा, बेथानीचा लाजर), आणि बाकीचे वादळ शांत करणं, पाण्यावर चालणं असे. येशूचं स्वतःचं पुनरुत्थान सोडलं तर चौघांनीही सांगितलेला चमत्कार एकच, पाच भाकरी आणि दोन मासळ्यांत 5000 पुरुषांना जेवू घातल्याचा. योहान मोजकेच देतो, परंपरेने 7 धरतात, आणि 20 व्या अध्यायात सरळ सांगतो की तुम्ही विश्वास ठेवावा आणि तुम्हाला जीवन मिळावं म्हणून हे लिहिलंय.

आता धीर नेमका कुठून मिळतो? पुष्कळ जण म्हणतील सामर्थ्यातून, आणि ते खरंच आहे, पण नीट वाचलं तर त्याहून जास्त धीर येशू समोरच्या माणसाशी कसा वागतो यातून मिळतो. मार्कच्या पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी येतो. नियमशास्त्राप्रमाणे, म्हणजे मोशेने दिलेल्या यहुदी नियमांप्रमाणे, अशा माणसाने वस्तीबाहेर राहायचं, लोकांपासून लांब. येशू नुसत्या शब्दाने बरं करू शकला असता, कफर्णहूम गावातल्या शताधिपतीच्या (शंभर शिपायांवरच्या अधिकाऱ्याच्या) चाकराला त्याने घरी न जाताच बरं केलं, पण इथे तो आधी हात पुढे करून त्याला स्पर्श करतो, तेही तो अजून बरा झालेला नसताना. बरं होणं स्पर्शानंतर आहे, हे ज्याला लोकांनी टाकलंय त्याने परत परत वाचावं.

मार्क 5 तर याबाबतीत खजिनाच आहे. याईर हा सभास्थानाचा, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळाचा, अधिकारी, त्याची 12 वर्षांची मुलगी मरायला टेकलेली, तो पाया पडून येशूला घरी घेऊन निघालाय आणि वाटेतच 12 वर्षं रक्तस्रावाने त्रस्त असलेली एक बाई गर्दीतून मागून येऊन वस्त्राला हात लावते. वैद्यांच्या हातून तिने खूप सोसलंय, होतं नव्हतं ते सगळं खर्च झालंय आणि दुखणं उलट वाढलंय. ती बरी झाली, मग पुढे जायला काय हरकत होती, पण येशू थांबतो, कोणी शिवलं ते विचारतो, तिला सगळं बोलू देतो आणि तिला ‘मुली’ म्हणून हाक मारतो. याईर तिथेच उभा आहे! त्याचा एकेक क्षण चाललाय आणि तेवढ्यात निरोप येतो की मुलगी गेली, आता गुरुजींना कशाला त्रास देता. त्यावर येशू त्याला म्हणतो की भिऊ नकोस, विश्वास मात्र धर. उशीर झाला म्हणजे आपल्याला विसरले असं नाही, हे ज्यांना ऐकायची गरज आहे त्यांनी हा प्रसंग याईराच्या बाजूने वाचावा, सहसा आपण तो बाईच्या बाजूने वाचतो. लाजराच्या बाबतीतही तसंच, तो आजारी असल्याचा निरोप मिळाल्यावर येशू दोन दिवस आहे तिथेच राहतो, पोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेत, आणि त्याला उठवण्याआधी येशू रडतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण इथे लोक फार दुखावले जातात. बरं झालं नाही म्हणजे तुझा विश्वास कमी पडला, असं आजाऱ्याला ऐकवलं जातं, आणि येशूच्या स्वतःच्या गावाचा, नासरेथचा, दाखला दिला जातो, तिथे अविश्वासामुळे येशूने फारसं काही केलं नाही. पण तो गावाने त्याला नाकारल्याचा प्रसंग आहे, खाटेवरच्या आजाऱ्याला मारायची काठी नव्हे. बेथेस्दा तळ्याकाठी 38 वर्षं आजारी पडलेल्या माणसाला आपल्याला कोणी बरं केलं हेसुद्धा माहीत नव्हतं. नाईनच्या विधवेने काही मागितलंच नव्हतं, येशूला तिचा कळवळा आला एवढंच. आणि मार्क 9 मधला बाप, ज्याच्या मुलाला लहानपणापासून झटके येत होते, तो तर ओरडून सांगतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास काढून टाका. एवढ्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावरही मुलगा बरा झाला. विश्वास हवाच, पण तो काही मोजून द्यायची फी नाही.

तसंच चमत्कार वाचले म्हणजे आपल्याही घरी तसंच होईल अशी हमी मिळते असं नाही, पवित्र शास्त्र स्वतःच तसं म्हणत नाही. बाप्तिस्मा करणारा योहान (शुभवर्तमानवाला नव्हे, येशूच्या आधी येऊन त्याची वाट तयार करणारा) तुरुंगात होता, तिथून त्याने येणारा तो तूच का अशी येशूकडे विचारणा केली तेव्हा आंधळे पाहतात, पांगळे चालतात असा निरोप त्याला मिळाला, पण सुटका झाली नाही, त्याचा शिरच्छेद झाला. अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत येशूने स्वतः मागितलं तरी तो प्याला, म्हणजे पुढचं दुःख आणि मरण, टळला नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा (त्याला छळणारं एक दुखणं, तो त्याला काटाच म्हणतो) निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि माझी कृपा तुला पुरे आहे असं उत्तर मिळालं. ज्यांच्या प्रार्थनेचं उत्तर ‘नाही’ आलंय त्यांच्यासाठी हे प्रसंग चमत्कारांच्या जोडीनेच वाचायचे असतात, नाहीतर धीर अर्धवट राहतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने मार्कपासून करावी, 16 अध्यायांचं सगळ्यात छोटं शुभवर्तमान आहे आणि पहिल्या अर्ध्या भागात चमत्कार दाटीवाटीने आलेत. एका वेळी एकच प्रसंग घ्यावा, त्यातलं कोण माणूस आज आपल्यासारखं आहे ते बघावं, आणि तो येशूला जे म्हणाला तेच आपल्या शब्दांत म्हणावं. बार्तीमय नावाच्या आंधळ्या भिकाऱ्याला लोक गप्प बस म्हणत होते तरी तो आणखी मोठ्याने ओरडला, तसं ओरडलं तरी चालतं.