सामाजिक ओळख : घडणीची समाजशास्त्रीय मीमांसा

आपण कोण आहोत याविषयी माणसाची स्वतःची समजूत आणि तो कोण आहे याविषयी इतरांनी दिलेला निवाडा, या दोहोंच्या देवघेवीतून घडते ती सामाजिक ओळख. जात, धर्म, भाषा, लिंग, वर्ग, व्यवसाय, गाव, राष्ट्र हे तिचे नेहमीचे आधार. यातले काही जन्मापासून चिकटलेले असतात, काही पुढे कमावता येतात. पण कोणताही गुणधर्म आपोआप ओळख बनत नाही. डावखुरेपणाही बहुधा जन्मजातच, तरी डावखुऱ्यांची आळी गावाबाहेर वसली नाही आणि त्यांच्याशी सोयरीक करायला कोणी नकार दिला नाही. कोणत्या फरकाला अर्थ द्यायचा हे समाज ठरवतो, आणि समाजात ते ठरवण्याची ताकद सगळ्यांकडे सारखी नसते.

या प्रक्रियेचा पहिला बारकाईचा विचार अमेरिकेत झाला. चार्ल्स हॉर्टन कूली यांनी १९०२ मध्ये ‘आरशातला मी’ ही कल्पना मांडली. समोरच्याला आपण कसे दिसत असू, त्याने आपल्याविषयी काय मत केले असेल, याचा माणूस मनाशी अंदाज बांधतो आणि त्या अंदाजानेच सुखावतो किंवा खजील होतो. शिकागो विद्यापीठातील जॉर्ज हर्बर्ट मीड यांनी हाच धागा पुढे नेला. त्यांची व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर, १९३४ मध्ये, विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून प्रसिद्ध झाली. मूल आधी एकेका माणसाची भूमिका वठवते. भातुकलीत ते आई होते, घटकाभराने डॉक्टर होते. नियमांच्या खेळात मात्र एकाच वेळी सगळ्यांच्या जागा डोक्यात ठेवाव्या लागतात. मीड यांनी त्यासाठी बेसबॉलचा दाखला दिला. आपल्याकडे खो-खो तितकाच चपखल आहे. रांगेत बसलेल्या मुलाला पळणारा गडी कुठून वळेल, पाठलाग करणारा कोणाला खो देईल आणि उठल्यावर कोणत्या दिशेला धावता येईल, हे सगळे बसल्या जागी धरून ठेवावे लागते. असे सगळ्यांचे मिळून जे अपेक्षांचे जाळे मनात तयार होते, त्याला मीड यांनी ‘सामान्यीकृत इतर’ म्हटले.

या मांडणीत सत्तेला फारशी जागा नाही, ही तिची मोठी उणीव. पाटलाच्या मुलाला आणि येसकराच्या, म्हणजे वेशीवर पहारा देणाऱ्या महाराच्या, मुलाला गाव एकाच नजरेने पाहत नव्हते. दोघांच्या वाट्याला आलेले ‘इतर’ वेगळे होते. आपल्याविषयीचे वाईट मत जिथे पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेले असते, तिथे माणूस काय करतो? समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये कलंकावर केलेले लेखन हा प्रश्न थेट हाताळते. कलंक काहींच्या बाबतीत समोर दिसतो, काहींच्या बाबतीत उघड होण्याची टांगती तलवार असते. दुसऱ्या गटाला सतत माहिती सांभाळत जगावे लागते : कोणाला काय सांगायचे, किती सांगायचे, केव्हा विषय बदलायचा. शहरात भाड्याने खोली शोधणाऱ्या दलित तरुणाला हे समजावून सांगावे लागत नाही. ‘आडनाव काय?’ या प्रश्नाने उलगडा झाला नाही, तर ‘गाव कोणतं?’, मग ‘गावात घर कुठे?’ अशी चौकशी सरकत जाते. विचारणारा आवाज चढवत नाही, चहाही देतो, आणि दोन दिवसांनी खोली दुसऱ्याला दिल्याचे कळते.

ब्रिटनमधील हेन्री ताजफेल सामाजिक मानसशास्त्रज्ञ होते, पण त्यांना वगळून हा विषय पुरा होत नाही. ते १९१९ मध्ये पोलंडमध्ये ज्यू कुटुंबात जन्मले. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात असताना जर्मनांच्या हाती सापडले. पोलिश ज्यू म्हणून नव्हे तर फ्रेंच म्हणून ओळखले गेल्यामुळे ते वाचले. घरी परतले तेव्हा कुटुंबातले बहुतेक सगळे मारले गेले होते. १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमधील शाळकरी मुलांवर त्यांनी प्रयोग केले. दोन चित्रकारांपैकी कोणाची चित्रे आवडतात असल्या फुटकळ कारणावरून मुलांचे गट पाडल्याचे सांगितले. खरे तर गट सोडतीसारखेच पाडले होते. मग मुलांनी इतरांना थोडे पैसे वाटायचे होते. गटातले आपले सोबती कोण हे त्यांना माहीत नव्हते, स्वतःला काही मिळणार नव्हते. तरी त्यांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. इतकेच नव्हे, दुसऱ्या गटापेक्षा आपला गट वरचढ राहावा म्हणून अनेकांनी आपल्या गटाच्या पदरात कमी पडलेलेही चालवून घेतले. यातून निघालेला सिद्धांत असा की माणसाच्या स्वाभिमानाचा काही हिस्सा त्याच्या गटाच्या मानात गुंतलेला असतो.

गट कशावर टिकतो याचे उत्तर नॉर्वेचे मानवशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी १९६९ मध्ये दिले. पोशाख, भाषा, सण बदलत राहतात. टिकते ती ‘आपण’ आणि ‘ते’ यांच्यातली सीमा. मॉरिशसमधील मराठी समाज याचा नमुना आहे. एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून तिथे गेलेल्यांचे वंशज आज घरी बहुतांशी क्रिओल ही तिथली लोकभाषा बोलतात. पण त्या देशाच्या जनगणनेत पूर्वजांची भाषा विचारली जात आली आहे, आणि त्या रकान्यात ‘मराठी’ लिहिणारे स्वतःला तिथल्या हिंदी भाषकांपासून, तमिळांपासून आणि तेलुगूंपासून वेगळे मानतात. गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. बोली सुटली तरी सीमा शाबूत राहिली.

जनगणनेचा रकाना केवळ मोजत नाही, तो घडवतोही. वसाहतकालीन भारतात हे ठळकपणे दिसले. १९०१ च्या जनगणनेत आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी जातींची सामाजिक प्रतिष्ठेनुसार प्रतवारी लावायला घेतली, तेव्हा वरचे स्थान मिळावे म्हणून जातीजातींचे अर्ज आले, जातसभांना जोर चढला. गावागणिक सैल असलेल्या जातनावांना छापील, प्रांतभर लागू होणारे रूप आले. त्या कागदांचे वजन आजही कमी झालेले नाही. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि जुनी दप्तरे वाचायला मोडी लिपी जाणणारे शोधावे लागले. पणजोबाच्या नावापुढे तलाठ्याने कधीकाळी लिहिलेला शब्द पणतूचे प्रमाणपत्र ठरवतो.

खालून वर सरकू पाहणाऱ्या जाती वरच्या जातींचे आचार उचलतात, ही प्रक्रिया समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ मध्ये ‘संस्कृतीकरण’ या नावाने मांडली. त्यात उतरंड तशीच राहते, माणसे पायऱ्या बदलतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा उतरंडच नाकारली गेली. प्रस्तुत लेखकाच्या मते सामूहिक ओळख जाणीवपूर्वक नव्याने घडवण्याचे याहून मोठे उदाहरण आधुनिक भारतात नाही. १९५१ च्या जनगणनेत देशभरात बौद्ध दोन लाखांहून कमी होते. १९६१ मध्ये ते सुमारे साडेबत्तीस लाख झाले, त्यातले जवळजवळ अठ्ठावीस लाख एकट्या महाराष्ट्रात.

आकड्यामागे रोजच्या जगण्यातले बदल होते. मेलेली जनावरे ओढणे, येसकरकी करणे ही गावकीची कामे अनेकांनी आधीच टाकायला सुरुवात केली होती. १९५८ च्या कायद्याने महार वतन, म्हणजे या कामांपोटी मिळणारी वंशपरंपरागत जमीन आणि हक्क, संपले. दीक्षेच्या वेळी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांनंतर घरातले देव्हारे उतरवले गेले. लग्ने बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे, पांढऱ्या वस्त्रांत लागू लागली. सर्वांत लख्ख बदल अभिवादनात आहे. पूर्वी गावात वाकून ‘जोहार मायबाप’ म्हणावे लागे. ते वरच्याला करायचे असे आणि उलट तसेच मिळत नसे. कामठीचे कार्यकर्ते बाबू हरदास यांच्या नावे ज्याचे श्रेय दिले जाते तो ‘जय भीम’ दोन माणसे ताठ उभी राहून एकमेकांना म्हणतात.

पण ओळख एका बाजूने पुरी होत नाही. गाव जुन्याच नावाने हाक मारत राहिले. राज्यघटनेखालील १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीत जवळजवळ फक्त हिंदूच मोजले जात. १९५६ मध्ये शीख आले, बौद्ध १९९० मध्ये. महाराष्ट्राने आपल्या अखत्यारीतल्या सवलती नवबौद्धांना दिल्या, तरी केंद्राच्या लाभांसाठी मधली चौतीस वर्षे मनाने बौद्ध आणि कागदावर ‘हिंदू महार’ अशी ओढाताण कित्येक कुटुंबांनी सोसली. शाळेत मुलाचे नाव घालताना बापाला धर्म आणि शिष्यवृत्ती यांत निवड करावी लागे. आरशातल्या प्रतिमेचा सिद्धांत इथे अपुरा पडतो, कारण समोर माणसाची नजर नसून शिक्का असतो.

एकाच गटाच्या आतही ओळख एकसारखी नसते. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या वाट्याला वंश आणि लिंग यांचा एकत्र मारा येतो व कायदा तो वेगवेगळा मोजतो, हे अमेरिकेतील विधिज्ञ किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये दाखवले. महाराष्ट्रात ही चर्चा स्वतःच्या अनुभवातून उभी राहिली. दलित स्त्रिया वेगळे का बोलतात हा प्रश्न राज्यशास्त्रज्ञ गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये मांडला. पुणे विद्यापीठातील शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये त्याला दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची, म्हणजे दलित स्त्रियांच्या जागेवरून समाजाकडे पाहण्याच्या दृष्टीची, जोड दिली. सवर्ण स्त्रियांच्या चळवळीत जात बाजूला पडत होती, दलित चळवळीच्या व्यासपीठांवर स्त्रिया मागे राहत होत्या. गुरू यांचा भर दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्यावर होता. रेगे यांनी ती दृष्टी इतर स्त्रीवाद्यांनीही अभ्यासाने आणि बांधिलकीने आत्मसात करावी असा आग्रह धरला, आणि हा वाद मराठी अभ्यासवर्तुळात अजून चालू आहे.