गोल्फ कोर्स घेताय? आधी वाळू बघा

गोल्फ कोर्स विकायला निघाला की जाहिरातीत ड्रोनने टिपलेली हिरवळ असते, क्लबहाऊस असतं, सभासदांचा आकडा असतो. घेणाराही त्यावरच हिशेब मांडतो. हिरव्या रंगावर माझा मात्र काडीचा विश्वास नाही. वाळक्या गवतावर फवारायचा खास रंग बाजारात मिळतो. पैसे वसूल होणार की बुडणार, हे पायाखालच्या फूटभर थरात ठरतं.

ग्रीन म्हणजे होलभोवतीची, गवत जेमतेम ३ मिलिमीटरवर कापलेली जागा. ती बांधायची पद्धत अमेरिकेच्या 'यूएसजीए' या गोल्फ संघटनेने १९६० मध्ये प्रसिद्ध केली: वर साधारण ३० सेंमी वाळूचं मिश्रण, त्याखाली १० सेंमी खडी आणि निचऱ्याचे पाइप. खडी आहे म्हणजे पाणी झरझर निघून जाणार, असं कुणालाही वाटेल. होतं उलटंच. वाळूतल्या बारीक पोकळ्या केशाकर्षणाने पाणी धरून ठेवतात. खडीतल्या मोठ्या पोकळ्यांना ती ओढ जवळजवळ नसते. त्यामुळे पाणी सीमेवर अडतं आणि साचत जातं. वरच्या पाण्याचा भार केशाकर्षणाला पुरून उरला, की जास्तीचं तेवढं खडीत सुटतं.

भिजलेला स्पंज आडवा धरा आणि ठिबकणं थांबू द्या. आता तो उभा करा, पुन्हा पाणी गळायला लागेल. पाण्याचा स्तंभ उंच झाला, एवढाच फरक. ग्रीनच्या ३० सेंमीचं गणित हेच: तळाशी ओल टिकते, वर मुळांना हवा मिळते.

ही ओल किती उंच चढणार, ते पोकळीच्या आकारावर ठरतं. ०.१ मिमी त्रिज्येच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे १५ सेंमी चढतं. त्रिज्या निम्मी केली तर ३०. आणि वर्षानुवर्षं मेलेली मुळं, गवताचा चोथा, मातीचे बारीक कण वाळूत बसत गेले की पोकळ्या अरुंद होतातच. मग पाणी पृष्ठभागालगतच अडून राहतं. हवा कोंडली की काही जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, त्याची लोहाशी गाठ पडली की काळा थर जमतो.

तो बघायला प्रयोगशाळा लागत नाही. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्यायला लावा आणि ग्रीनच्या सखल बाजूला कप कटरने होल पाडून घ्या. १०८ मिमी रुंदीचा गोळा हातात येतो. वर चिकट तपकिरी चोथा, मध्ये काळी रेघ, सडक्या अंड्यांचा वास, मुळं बोटभर खोलीवरच संपलेली, असं दिसलं तर ग्रीन उकरून नव्याने बांधायचा खर्च किमतीतून वजा करा. आणि तेवढे महिने खेळ बंद.

पाण्याचा स्रोतही तपासा, पण दुबेळकी काठी घेऊन जमिनीखालचं पाणी शोधत फिरणाऱ्याला बोलावू नका. नियंत्रित चाचण्यांत ही विद्या अंदाजपंचेच्या पुढे गेलेली नाही. कोरड्या हंगामाच्या शेवटी विहिरीवरचा पंप सलग दिवसभर चालवा, पातळी किती खाली जाते आणि बंद केल्यावर किती वेळात वर येते ते मोजा. क्षार तपासायला बाटली मात्र पंप बराच वेळ चालल्यावर भरा, सुरुवातीच्या पाण्याची नको.