नेटवर्क फोल्डरमधून ड्रायव्हरचे स्वयंचलित इन्स्टॉलेशन

सर्व्हरवरच्या एका शेअर्ड फोल्डरमध्ये ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारे सॉफ्टवेअर, साठवून, प्रत्येक संगणकापुढे न बसता ते बसवण्याची पद्धत. ती मुख्यतः विंडोजमध्ये वापरतात. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच (प्रणालीच्या गाभ्याबरोबरच) येतात.

फोल्डरमध्ये कंपनीची सेटअप फाइल ठेवून भागत नाही, उलगडलेले पॅकेज लागते. त्यातली आयएनएफ फाइल कोणत्या हार्डवेअर आयडीसाठी (उपकरणाच्या ओळख-संकेतासाठी) काय बसवायचे ते सांगते, सिस फाइल हा प्रत्यक्ष ड्रायव्हर आणि कॅट फाइलमध्ये डिजिटल सही असते. आयएनएफमध्ये एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही, म्हणून तिला हात लावू नये.

फोल्डरची रचना विंडोजची आवृत्ती, निर्माता, मॉडेल अशा क्रमाने करावी. ड्रायव्हर बसवणारी स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) डब्ल्यूएमआय या विंडोजच्या माहिती देणाऱ्या सेवेकडून निर्माता व मॉडेल विचारून घेते आणि तेवढाच उपफोल्डर उचलते. लेनोवोच्या यंत्रांत मॉडेलच्या जागी सांकेतिक क्रमांक मिळतो, ओळखीचे नाव 'व्हर्जन' या रकान्यात असते. सगळ्या मॉडेलचे ड्रायव्हर एकत्र टाकण्याचा मोह टाळावा. विंडोज ते सर्व ड्रायव्हर स्टोअरमध्ये, म्हणजे ड्रायव्हरच्या आपल्या साठ्यात, भरते, डिस्क भरत जाते. शिवाय एकाच आयडीला अनेक ड्रायव्हर जुळले आणि बाकी निकष सारखे ठरले, तर नव्या तारखेचा निवडला जातो. तो त्या मॉडेलला मानवेलच असे नाही.

बसवण्याचे काम पीएनपीयूटिल ही विंडोजचीच आज्ञा करते. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून तिला 'अ‍ॅड-ड्रायव्हर', 'सबडिर्स' आणि 'इन्स्टॉल' हे पर्याय आहेत. 'इन्स्टॉल' वगळल्यास ड्रायव्हर फक्त स्टोअरमध्ये जातो आणि उपकरण पुढे कधी जोडले की वापरला जातो. काम संपल्यावर आज्ञा परत देते तो कोड ३०१० म्हणजे रीस्टार्ट हवा. २५९ म्हणजे जुळणारे उपकरण नाही किंवा आधीचाच ड्रायव्हर सरस आहे. स्क्रिप्टने याला अपयश मानू नये.

ही स्क्रिप्ट ग्रुप पॉलिसीतून (सर्व संगणकांना एकाच जागेवरून सेटिंग लावण्याच्या सोयीतून) स्टार्टअपला चालवतात, आणि बहुतेक अडचणी इथेच येतात. स्टार्टअप स्क्रिप्ट सिस्टम खात्याखाली चालते, सर्व्हरला मात्र ती संगणकाच्या खात्याने सामोरी जाते. म्हणून 'डोमेन कॉम्प्युटर्स' या संगणकांच्या खात्यांच्या गटाला शेअर आणि एनटीएफएस (डिस्कवरची फाइल-व्यवस्था), दोन्ही ठिकाणी वाचनाची परवानगी हवी. वापरकर्त्याने जोडलेले ड्राइव्ह अक्षर या खात्याला दिसत नाही, त्यामुळे पूर्ण नेटवर्क पथ लिहावा. नेटवर्क तयार होण्याआधी स्क्रिप्ट सुरू झाली तर ती रिकाम्या हाती परतते. त्यासाठी नेटवर्कची वाट पाहण्याची पॉलिसी चालू करावी. फास्ट स्टार्टअप ही लवकर चालू होण्याची सोय बंद ठेवावी, कारण त्या प्रकारे संगणक चालू झाल्यास स्टार्टअप स्क्रिप्ट चालत नाही. लेखनाची परवानगी मोजक्या प्रशासकांनाच द्यावी: इथली फाइल प्रत्येक संगणकावर सर्वोच्च अधिकाराने चालणार आहे.

फाइली आधी स्थानिक डिस्कवर उतरवाव्यात आणि मगच बसवाव्यात. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर बदलताना जोडणी क्षणभर तुटते आणि सर्व्हरवरून थेट चाललेले काम अर्धवट राहते. प्रत उतरवायला रोबोकॉपी ही विंडोजची आज्ञा वापरल्यास ८ पेक्षा लहान कोड म्हणजे यश, हे स्क्रिप्टमध्ये नोंदवावे.

दोन ड्रायव्हर या मार्गाने पोहोचूच शकत नाहीत. नेटवर्क कार्डच ओळखले गेले नाही तर फोल्डर दिसत नाही, आणि साठवणुकीचा ड्रायव्हर नसेल तर विंडोज सेटअपला डिस्कच सापडत नाही. इंटेलच्या ११व्या पिढीपासून व्हीएमडी (डिस्क हाताळणारी प्रोसेसरमधील सोय) चालू असलेल्या लॅपटॉपवर हे हमखास घडते. हे ड्रायव्हर 'डिझम' या विंडोजच्या आज्ञेने बूट इमेजमध्येच (सेटअप ज्यातून सुरू होतो त्या फाइलीत) घालावे लागतात. ही आज्ञा ड्रायव्हर फक्त ऑफलाइन, म्हणजे चालू नसलेल्या, इमेजमध्ये घालते, चालू विंडोजमध्ये नाही.

डिव्हाइस मॅनेजरमधील कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेला नाही, ५२ म्हणजे सही पडताळता आली नाही. नेमके कारण विंडोजच्या आयएनएफ फोल्डरातील सेटअपएपीआय-डेव्ह या लॉगमध्ये सापडते. तिथे हार्डवेअर आयडी शोधला की कोणती आयएनएफ निवडली गेली आणि कोणती मागे पडली ते ओळीने दिसते.