तो घटोत्कचाचा सांगाडा नाही

खड्ड्यात पडलेला अवाढव्य मानवी सांगाडा, शेजारी इवलीशी माणसं. ‘घटोत्कचाचा सांगाडा सापडला’ म्हणून हा फोटो आपल्या साताऱ्यातल्या ग्रुपवर अजून फिरतोय. फोटो बनावट आहे. मूळ चित्र २००० सालचं, न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कचं. कॉर्नेल विद्यापीठाची मंडळी तिथे मास्टोडॉन या नामशेष प्राण्याची हाडं काढत होती. २००२ मध्ये एका फोटो-एडिटिंग स्पर्धेसाठी कुणीतरी त्यात मानवी सांगाडा बसवला.

खरी हकिकत मला कितीतरी थरारक वाटते. मास्टोडॉन म्हणजे हत्तीचा लांबचा भाऊबंद. हत्ती-मास्टोडॉनच्या या सोंडवाल्या कुळाचे सर्वांत जुने अवशेष मोरोक्कोत मिळाले, सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीचे. प्राणी जेमतेम कोल्ह्याएवढा! आफ्रिका आशियाला जोडली गेल्यावर त्याचे वंशज बाहेर पडले आणि पुढे सायबेरिया आणि अलास्का यांना तेव्हा जोडणाऱ्या बेरिंगच्या जमिनीवरून थेट अमेरिकेत पोचले. ओळख पटते दाढेवरून: मास्टोडॉनच्या दाढेवर जोडीजोडीने टोकदार उंचवटे, फांद्या चिरडायला, हत्तीची दाढ सपाट, आडव्या पट्ट्यांची, गवत दळायला.

अजिंक्यताऱ्याचा कातळ लाव्हाचा, तिथे असे सांगाडे मिळायचे नाहीत. नदीकाठच्या जुन्या गाळात मात्र हाडं टिकू शकतात. कृष्णाकाठी खोदताना दगड झालेलं हाड दिसलं, तर उपसू नका. जागेवरच फोटो काढून जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागाला कळवा.