मायक्रोकंट्रोलर फर्मवेअरमधील यूएसबी व सिरीयल संवाद

मायक्रोकंट्रोलर (यंत्र चालवणारी छोटी संगणक-चिप) आणि संगणक यांच्यात बाइटची ने-आण करणारा फर्मवेअरचा, म्हणजे चिपमध्ये बसवलेल्या प्रोग्रॅमचा, भाग, तसेच तो भरवशाचा व चपळ करण्याच्या पद्धती या विषयात मोडतात. थ्रीडी प्रिंटर चालवणारे मार्लिन व क्लिपर, सीएनसी यंत्रांचे जीआरबीएल, कीबोर्डचे क्यूएमके, छोट्या चिपवर पायथन चालवणारे मायक्रोपायथन अशा मुक्तस्रोत प्रकल्पांत या भागाची डागडुजी सतत चालू असते. तक्रार बहुधा ‘वेग कमी पडतो’ अशी असते. पण तार खरोखर भरून वाहते आहे असे क्वचितच आढळते. बहुतेक वेळा एका टोकाला कोणीतरी दुसऱ्याची वाट पाहत थांबलेले असते, नाहीतर थांबायला हवे तिथे न थांबल्यामुळे बाइट सांडलेले असतात.

सिरीयल जोडणीत, म्हणजे यूएआरटीत, घड्याळाची वेगळी तार नसते. दोन्ही टोकांनी आधी ठरलेला बॉड रेट, म्हणजे दर सेकंदाला किती बिट जातील तो दर, पाळायचा असतो. चिपच्या मूळ घड्याळाला पूर्णांकाने भागून हा दर काढला जातो, त्यामुळे हवा तो आकडा नेमका मिळेलच असे नाही. १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या एटीमेगा३२८पी चिपला १,१५,२०० बॉड साधत नाही: नेहमीच्या रीतीने १,११,१११ मिळतो, म्हणजे सुमारे ३.५ टक्के कमी, तर दुप्पट गतीच्या रीतीने १,१७,६४७, म्हणजे २.१ टक्के जास्त. एका बाइटमागे दहा बिट जातात. त्या दहांत चूक साठत जाऊन शेवटचे बिट डळमळू लागतात. याच चिपला २,५०,००० बॉड मात्र बिनचूक जमतो. मार्लिनमध्ये दिसणाऱ्या त्या चमत्कारिक आकड्यामागे हा साधा भागाकार आहे. दुपटीहून मोठा वेग अधिक सुरक्षित, हे ऐकायला उलटे वाटते खरे.

१,१५,२०० बॉडवर दर ८७ मायक्रोसेकंदांनी एक बाइट येऊन थडकतो. एटीमेगासारख्या एव्हीआर चिपच्या हार्डवेअरमध्ये दोन बाइट थांबू शकतात आणि तिसरा आत येत असतो. म्हणजे इंटरप्ट (हातातले काम थांबवून चिपला बोलावणारी सूचना) पाव मिलिसेकंदाहून जास्त काळ बंद राहिले की बाइट गेलाच. इंटरप्टमधून उचललेला बाइट रिंग बफरमध्ये, म्हणजे गोल फिरत भरल्या जाणाऱ्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवतात. आर्डुइनोच्या अशा चिपांवर हा बफर सहसा ६४ बाइटचा असतो आणि मुख्य लूप दुसऱ्या कामात अडकला तर साडेपाच मिलिसेकंदांत भरतो. पडद्यावर एक चित्र काढायलाही त्याहून जास्त वेळ लागू शकतो. बफर मोठा करणे हा सर्वांना आधी सुचणारा उपाय. त्याने अपघात फक्त पुढे ढकलला जातो. एसटीएम३२सारख्या चिपांवर डीएमए, म्हणजे प्रोसेसरला न अडवता बाइट स्मृतीत नेणारे हार्डवेअर, हे काम परस्पर करते. तिथे ‘अर्धा भरला’ आणि ‘पूर्ण भरला’ या दोन सूचनांखेरीज ‘तार शांत झाली’ ही तिसरी सूचनाही घ्यावी लागते. ती विसरली तर चार अक्षरांची आज्ञा बफर अर्धा भरेपर्यंत तशीच पडून राहते, आणि दोष मात्र तारेला दिला जातो.

यूएसबीचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. उपकरण स्वतःहून बोलूच शकत नाही. होस्ट, म्हणजे संगणक, विचारेल तेव्हाच उत्तर द्यायचे, आणि तयारी नसेल तर ‘आत्ता नाही’ असा नकार कळवायचा. या नकारामुळे प्रवाहनियंत्रण आयते मिळते: बफर भरला की फर्मवेअर नवे पॅकेट स्वीकारत नाही आणि होस्ट थांबतो. प्रत्येक पॅकेटची सीआरसी तपासणीही (वाटेत झालेली चूक ओळखणारी पडताळणी) हार्डवेअरच करते. त्यामुळे थेट यूएसबी असलेल्या चिपवर बाइट हरवले, तर चोर बहुधा फर्मवेअरच्या आतच सापडतो. मध्ये यूएसबी-सिरीयल रूपांतरक चिप असेल तर हे संरक्षण त्या चिपपाशी संपते. पुढचा यूएआरटीचा टप्पा उघडाच राहतो.

फुल स्पीड यूएसबीचा दर १२ मेगाबिट प्रतिसेकंद. त्यात १ मिलिसेकंदाची एक फ्रेम असते, आणि एका फ्रेममध्ये ६४ बाइटची जास्तीत जास्त १९ बल्क (घाऊक माहिती नेणारी) पॅकेटे बसतात. एकेक बाइट वेगळा पाठवणारे फर्मवेअर ही क्षमता वाया घालवते. पॅकेट भरेपर्यंत थांबणारे फर्मवेअर छोटी उत्तरे अडवून धरते. म्हणून साठवावे, पण थोड्या अवधीनंतर जे असेल ते पाठवून द्यावे, ही मधली वाट रूढ झाली. एफटीडीआयच्या रूपांतरक चिपांमध्ये ही मुदत मुळात १६ मिलिसेकंद असते. एकेक ओळ पाठवून प्रत्येक वेळी ‘ओके’ची वाट पाहणारा प्रोग्रॅम तिथे रखडतो, मग बॉड रेट कितीही वाढवा. जीआरबीएलने यावर काढलेला तोडगा देखणा आहे: पाठवणाऱ्याने पोचपावती न मिळालेल्या अक्षरांचा हिशेब ठेवायचा आणि यंत्राच्या १२८ बाइटच्या बफरमध्ये मावेल तितके पुढे पाठवत राहायचे.

सीडीसी-एसीएम वर्गामुळे यूएसबी उपकरण संगणकाला सिरीयल पोर्टसारखे दिसते आणि सिरीयलची जुनी गृहीतके निमूटपणे आत शिरतात. होस्टने बॉड रेट कळवला तरी थेट यूएसबीवर त्याचा वेगाशी संबंध नसतो. आर्डुइनो लिओनार्डोने त्याचा वेगळाच उपयोग केला: पोर्ट १,२०० बॉडने उघडून बंद केला की ते बूटलोडरमध्ये, म्हणजे नवे फर्मवेअर स्वीकारण्याच्या अवस्थेत, जाते. दुसरे गृहीतक अधिक त्रासदायक. यूएआरटीवर कोणी ऐकत नसले तरी बाइट निघून जातात. यूएसबीवर पोर्ट उघडलेला नसेल तर ते बफरमध्येच अडकतात आणि लिहिणारे फंक्शन कायमचे थांबू शकते. सिरीयल मॉनिटर उघडल्यावरच चालणारी यंत्रे इथेच जन्मतात. डीटीआर संकेत (संगणकावर पोर्ट उघडल्याची खूण) पाहून, किंवा ठरावीक वेळेनंतर बाइट टाकून देऊन, हा गुंता सोडवतात. तिसरा सापळा: संदेश नेमका ६४च्या पटीत संपला तर शेवटी शून्य लांबीचे पॅकेट द्यावे लागते, नाहीतर होस्ट आणखी काही येईल म्हणून थांबून राहू शकतो. असा दोष ६३ बाइटला दिसत नाही, ६५लाही नाही.

वरच्या थरात प्रश्न उरतो तो संदेशाच्या सीमेचा. मार्लिन ओळक्रमांक आणि एक्सऑर बेरीज (चूक पकडणारा तपासणीचा आकडा) वापरून बिघडलेली ओळ पुन्हा मागवते. क्लिपरचा संदेश जास्तीत जास्त ६४ बाइटचा. त्यात लांबी, क्रमांक, १६ बिटांची सीआरसी आणि शेवटी एक समक्रमण बाइट असतो. द्विमान माहितीसाठी कॉब्स पद्धतही लोकप्रिय आहे: ती संदेशातून शून्य हा बाइट काढून टाकते, म्हणून शून्य ही सीमाखूण ठरते, आणि जादा भार दर २५४ बाइटमागे फार तर एकाचा पडतो.

मुक्तस्रोत यूएसबी संचांत, म्हणजे यूएसबी हाताळणाऱ्या तयार कोडच्या संग्रहांत, लुफा, टायनीयूएसबी आणि लिबओपनसीएम३ हे परिचित. व्ही-यूएसबी हा तर निव्वळ सॉफ्टवेअरने लो स्पीड यूएसबी बोलतो. मात्र लो स्पीडमध्ये बल्क हस्तांतरणाला मानकाची परवानगी नाही, त्यामुळे त्यावर सीडीसी नियमात बसत नाही. छोट्या प्रकल्पांना उपकरणाची यूएसबी ओळख सांगणारा विक्रेता क्रमांक विकत घेणे परवडत नाही, त्यांना पिड.कोड्स हा उपक्रम षोडशमान १२०९ या क्रमांकाखाली उत्पादन क्रमांक देतो. डिस्क्रिप्टरमध्ये (उपकरण संगणकाला देते त्या ओळखपत्रात) चिपचा अनन्य क्रमांक अनुक्रमांक म्हणून घातला, की लिनक्सवर एकसारखी दोन उपकरणे जोडली तरी त्यांची अदलाबदल होत नाही.