इंदूर खंडपीठातील अपील : सरकारी नोकरी आणि दिवाणी दावे

मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे येणाऱ्या कामांत दोन प्रकार सामान्य कुटुंबाला सगळ्यात जवळचे आहेत. एक सरकारी नोकरीचे वाद, म्हणजे ‘सर्व्हिस मॅटर’. दुसरा घर, दुकान, जमीन आणि वाटणीचे दिवाणी दावे. होळकरांच्या काळापासून कचेरी, शाळा आणि न्यायखात्यात नोकऱ्या करीत आलेल्या इंदुरी मराठी घरांना दोन्हींची ओळख आहे. दोन्हींचे कायदे वेगळे, पण वरचे न्यायालय दोन्हींत मुख्यतः खाली तयार झालेल्या कागदांवरच निर्णय देते, आणि नेमके हेच पक्षकाराला फार उशिरा कळते.

होळकर संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला नवे मध्य प्रदेश राज्य आले, तेव्हा उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला बसले. इंदूर आणि ग्वाल्हेरला आधी तात्पुरती पीठे मिळाली. २८ नोव्हेंबर १९६८ च्या राष्ट्रपतींच्या अधिसूचनेने ती कायम झाली. इंदूर, उज्जैन, देवास, धार, झाबुआ, रतलाम, मंदसौर, खरगोन, शाजापूर, राजगड हा प्रदेश इंदूरच्या वाट्याला आला. महात्मा गांधी मार्गावरच्या न्यायालयात आजही या भागांतले पक्षकार पहाटेची बस पकडून तारखेला येतात.

राज्य कर्मचाऱ्याचा वाद पूर्वी थेट इथे येत नसे. १९८८ मध्ये राज्य प्रशासकीय न्यायाधिकरण स्थापन झाले आणि २००३ मध्ये ते बंद झाले; त्यानंतर ही कामे उच्च न्यायालयाकडे आली. केंद्रीय कर्मचारी, उदाहरणार्थ रतलामचा रेल्वे कर्मचारी, आजही आधी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणातच जातो. त्या न्यायाधिकरणाच्या निर्णयाची छाननी उच्च न्यायालयाची डिव्हिजन बेंच, म्हणजे दोन न्यायमूर्तींचे पीठ, करते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ठरवून दिले.

राज्य कर्मचाऱ्याची याचिका संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली (हक्कासाठी थेट उच्च न्यायालयात दाद मागण्याची तरतूद) एका न्यायमूर्तींपुढे, म्हणजे सिंगल बेंचपुढे लागते. निकाल विरुद्ध गेला तर त्याच इमारतीत दोन न्यायमूर्तींपुढे ‘रिट अपील’ करता येते. ही सोय २००५ च्या राज्य अधिनियमाने दिली आणि तिची मुदत ४५ दिवसांची आहे. अंतरिम आदेशावर किंवा अनुच्छेद २२७ खालच्या (खालच्या न्यायालयांवर देखरेख करण्याच्या अधिकारातल्या) आदेशावर हे अपील चालत नाही. त्यामुळे याचिकेच्या मथळ्यावर कोणता अनुच्छेद घातला आणि न्यायालयाने प्रत्यक्षात कोणता अधिकार वापरला, यावर पुढची एक पायरी मिळणार की नाही हे ठरू शकते.

वरचे न्यायालय खाली तयार झालेल्या कागदांवरच चालते, हे विभागीय चौकशीच्या प्रकरणात नीट दिसते. आरोपपत्र येते, कर्मचारी उत्तर देतो, चौकशी अधिकारी साक्षी घेतो, अहवाल देतो, शिक्षा होते. न्यायालयात आल्यावर कर्मचाऱ्याला वाटते, आता खरे-खोटे होईल. न्यायालय मात्र वेगळे प्रश्न विचारते. बाजू मांडण्याची संधी मिळाली का? निष्कर्षाला काही तरी पुरावा आहे का? शिक्षा धक्का बसावा इतकी अवाजवी आहे का? साक्षीदार खोटे बोलला हे सांगायची जागा चौकशीची खोली होती. तिथे उलटतपासणी घेतली नसेल तर वर ती उणीव भरून निघत नाही. चौकशी अहवालाची प्रत शिक्षेआधी कर्मचाऱ्याला मिळालीच पाहिजे, हे १९९३ पासून पक्के आहे. पण प्रत दिली नाही एवढ्यावर नोकरी आपोआप परत मिळत नाही. त्यामुळे नुकसान झाले हे दाखवावे लागते, आणि दाखवले तरी प्रकरण त्या टप्प्यापासून पुन्हा विभागाकडे जाते. म्हणूनच आरोपपत्राचे पहिले उत्तर कुणा जाणत्याकडून लिहून घेणे हा या साऱ्या कामातला सर्वांत मोलाचा खर्च आहे.

पगार-पेन्शनची प्रकरणे त्या मानाने सोपी, कारण तिथे वाद बहुधा नियमाच्या अर्थाचा असतो. ३० जूनला निवृत्त होणाऱ्याला १ जुलैची वेतनवाढ मिळावी की नाही, हा प्रश्न अनेक उच्च न्यायालयांत वर्षानुवर्षे रेंगाळला. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कर्मचाऱ्यांच्या बाजूने सोडवला. दैनिक वेतनभोग्यांची अवस्था उलट झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या उमादेवी निकालाने नियमबाह्य नेमणुका सरसकट कायम करायला मनाई केली, आणि दहा-पंधरा वर्षे राबलेल्या माणसाला आपली नेमणूक ‘अनियमित’ (म्हणजे पद मंजूर, पात्रता पुरी, फक्त प्रक्रियेत उणीव) होती, ‘बेकायदा’ नव्हती, हे सिद्ध करीत बसावे लागले. या फरकाचे ओझे सर्वांत कमी पगाराच्या माणसावर पडले, हे नोंदवलेच पाहिजे.

बऱ्याच याचिकांचा शेवट एकाच साच्यातला असतो : अर्जदाराने विभागाकडे अभ्यावेदन, म्हणजे लेखी निवेदन, द्यावे, अधिकाऱ्याने ठरल्या मुदतीत सकारण आदेश काढावा. आदेश निघतो, बहुधा नकाराचा, आणि माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर. जुना मेलेला हक्क अशा अभ्यावेदनाने जिवंत होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये बजावले आहे. तरी ही पद्धत टिकून आहे.

दिवाणी दाव्याची शिडी निराळी. दिवाणी न्यायाधीशाच्या हुकूमनाम्यावर (डिक्रीवर) पहिले अपील जिल्हा न्यायाधीशाकडे. जिल्हा न्यायाधीशाने मूळ दावा चालवला असेल तर पहिले अपील थेट उच्च न्यायालयात, ९० दिवसांत. पहिल्या अपिलात पुरावा पुन्हा तोलता येतो आणि न्यायालयाला मुद्दे काढून कारणांसह निर्णय द्यावा लागतो. दुसरे अपील दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खाली. १९७६ च्या दुरुस्तीनंतर त्यात कायद्याचा सारभूत प्रश्न निघाला तरच न्यायालय आत शिरते. भिंत कुणाच्या जागेत आहे, हे दोन्ही खालच्या न्यायालयांनी एकमताने सांगितले असेल, तर तो विषय साधारणतः तिथेच मिटतो.

मराठी कुटुंबांच्या वाटणीच्या दाव्यांत इथे एक खास गुंता असे. स्थलांतरित हिंदू कुटुंब आपला मूळ प्रांताचा कायदा सोबत आणते, असे न्यायालये गृहीत धरीत. त्यामुळे माळव्यात राहूनही मराठी कुटुंबाला हिंदू कायद्याच्या मुंबई शाखेचा नियम लागू शके, आणि बापाची मिळकत वारशाने आलेल्या मुलीला पूर्ण मालकी मिळे. शेजारच्या बनारस शाखेच्या घरात तिला हयातीपुरताच हक्क. १९५६ च्या वारसा कायद्याने हा भेद बहुतांशी संपवला. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मापासून सहदायिक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच हिस्सेदार, केले, आणि तिच्या वडिलांचे निधन आधीच झाले असले तरी हक्क बुडत नाही, हे २०२० मध्ये स्पष्ट झाले.

अशा दाव्यांत मोडीतल्या फारकती (हक्क सोडल्याची खते) आणि गहाणखते अजून निघतात. उच्च न्यायालयात इंग्रजी, आणि १९७१ पासून कामकाजात हिंदीही चालते. मोडी किंवा मराठी कागदाचे भाषांतर जोडावेच लागते. तो कागद मूळ दाव्यातच दाखल व्हायला हवा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ नियम २७ खाली अपिलात नवा पुरावा येतो, पण पुरेशी काळजी घेऊनही तो आधी मिळणे शक्य नव्हते, अशा मोजक्याच कारणांनी. ‘पेटीत सापडला’ एवढे पुरत नाही.

भाडेकरूचे अपील आणखी काटेकोर. १९६१ च्या राज्य भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम १३ प्रमाणे अपील चालू असतानाही दर महिन्याचे भाडे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावे लागते. चुकले तर बचावच खोडला जाऊ शकतो. अपील दाखल केले म्हणजे स्टे मिळाला, असेही नाही. तो वेगळा मागावा लागतो.

मुदत चुकली तर पुरेसे कारण दाखवून उशीर माफ होऊ शकतो. सामान्य माणसाला यात बरीच सहानुभूती मिळते. सरकारचीही फाइल टेबलाटेबलांवर फिरत राहते, पण मध्य प्रदेश सरकारने ६६३ दिवस उशिरा केलेले अपील सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० ला फेटाळून २५,००० रुपये खर्चही बसवला.

अपिलाचा निकाल लागला की खालचा हुकूमनामा त्यात विलीन होतो. बजावणीसाठी मात्र मूळ न्यायालयातच जावे लागते, साधारणपणे १२ वर्षांच्या आत. नोकरीच्या प्रकरणात विभागाने आदेश पाळला नाही तर अवमान याचिका, तिची मुदत एक वर्ष.